आबांची गाडी अजून लागलेली नाही

आमचे सासरे ड्युटीवर होते. गेल्या सिंहस्थापासून होते. पुढचा सिंहस्थ तोंडावर आला, गोदाकाठी पुन्हा खोदाखोद सुरू झाली, तरी ते उतरले नव्हते.

हे मी लोकांना सांगायची तेव्हा लोक समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, असतं बाई, कामाची सवय जात नाही. सवयीचा काही संबंध नव्हता. आबांचं म्हणणं अगदी सरळ होतं. एसटीची गाडी ज्या डेपोतून सुटते त्या डेपोत परत लागल्याशिवाय चालकाची ड्युटी संपत नाही. त्यांची गाडी लागली नाही, कारण ते परत आले तेव्हा डेपो जागेवर नव्हता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चाललीय. मग पहिल्या दिवाळीला पाहिलं, अभ्यंगस्नान करून आबा पुन्हा खाकी चढवून बसले.

झालं होतं असं. सिंहस्थाच्या गर्दीसाठी इंदिरानगरच्या पलीकडे, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, एका वावरात तात्पुरता डेपो उभा केला होता. पत्र्याचं कुंपण, दोन तंबू आणि एक डिझेलची टाकी, एवढाच. खंडेराव, म्हणजे आमचे आबा, यांना तिथून पेठच्या डोंगरातली मुक्कामी गाडी दिली. पेठचा रस्ता नाशिकच्या एका टोकाला, डेपो दुसऱ्या टोकाला. असं का, हे एसटीत विचारायचं नसतं. त्यांची ती शेवटची फेरी होती, महिनाअखेरीला निवृत्ती. संध्याकाळी गाडी गेली, रात्री धो धो पाऊस झाला आणि ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला. पाणी उतरेपर्यंत आबा आणि त्यांचा कंडक्टर भिका पलीकडेच अडकले. तेवढ्यात इकडे शेवटची पर्वणी झाली, साधू गेले, महिना संपला आणि आबा ओढ्यापलीकडे बसल्याबसल्या निवृत्त झाले. परत आले तर डेपोच्या जागी वावर होतं आणि त्यात एक माणूस कांद्याच्या रोपासाठी वाफे ओढत होता.

गाडी मग शहरातल्या मोठ्या डेपोने घेतली. गाडी त्यांनी घेतली, मला नाही, असं आबा म्हणायचे. सत्काराची शाल आणि नारळ त्यांनी परत पाठवला. ड्युटीवर असताना कुणाकडून काही घेत नाही, असं कळवलं.

आमच्या हॉलमध्ये उजव्या खिडकीशी एक खुर्ची आहे. ती चालकाची. तिथं बसून आबा समोर बघत असले की गाडी चालू. आणि वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, हे एसटीत लिहिलेलं असतं, आमच्याकडे लिहावं लागलं नाही. बोलायचं ते थांब्यावर. सकाळी चहाला गाडी दहा मिनिटं थांबायची, दुपारी जेवायला जरा जास्त. दळण संपलंय हे असो की भाचीचं लग्न ठरलंय हे असो, सासूबाईंना सगळं त्या थांब्यात बसवावं लागायचं. मोठी बातमी असली तर ती दोन थांब्यांत सांगायच्या. रात्री आबा हॉलमध्येच वळकटी पसरायचे, कारण मुक्कामी गाडीचा चालक गाडी सोडून आतल्या खोलीत झोपत नाही. लग्नाला गेले तर मांडवाबाहेर, गाड्या लावतात तिथं उभे. पंगतीला बोलावलं तर म्हणायचे, आधी प्रवासी जेवू द्या.

माझा नवरा दीपक अंबडला कंपनीत आहे. त्यानं वडिलांना एकदा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख, वार, गाव, सगळं विचारलं, आबांनी पटापट सांगितलं. मग हा ड्युटीचा प्रकार ऐकून डॉक्टर म्हणाले, पण गाडी लागली नसेल तर ड्युटी संपेल कशी? त्यांचे वडील रेल्वेत होते म्हणे. दीपकनं त्या दिवसापासून हा विषय सोडला.

सासूबाईंनी मात्र कधी कुरकुर केली नव्हती. साळूबाई त्यांचं नाव. रोज एक खाकी धुवायच्या, दुसरीला इस्त्री करायच्या. आणि यंदा दसऱ्यानंतर, गुडघे धरून जिना चढताना, मधेच पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सरिता, मला यांच्याशेजारी बसून वणीला जायचंय."

मी म्हटलं, आई, एवढंच ना. तुम्ही तर कितीदा गेलात त्यांच्या गाडीने.

"त्यांच्या गाडीनं गेले गं. त्यांच्यासंगती नाय. हे पुढं, मी मागं. चाळीस वर्षं मी या माणसाची मानच बघितली. देवीपुढं जोडीनं उभं राह्यचं तर हे खाली गाडीपाशी. माझे गुडघे आता एक-दोन वारीचेच राह्यलेत. मला ड्युटी संपलेला नवरा पायजेल. तू डेपो शोध."

त्या रडल्या नाहीत, मला मात्र भरून आलं. मी तापट बाई आहे, रडू आलं की मला आधी राग येतो. मी म्हटलं, शोधते, कुठं जाईल.

मी इंदिरानगरात बायकांना स्कूटी शिकवते. घाबरणाऱ्या बायकांना रस्त्यावर आणणं हे माझं काम, त्यामुळे एक डेपो शोधणं म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं. आधी एसटीच्या एका साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तात्पुरता डेपो होता तो. तात्पुरत्या गोष्टीला जागा नसते, मुदत असते. मग फोनवर उपग्रहाचे जुने फोटो काढले. सिंहस्थाच्या त्या सगळ्या महिन्यांत उपग्रहाला त्या भागात एक जाडजूड ढग सापडला होता आणि त्याने तो निरनिराळ्या बाजूंनी टिपला होता. शेवटी पाथर्डी फाट्याच्या अलीकडच्या एका टपरीवाल्याला विचारलं.

"कोणता डेपो पाहिजे ताई?" तो म्हणाला. "होता तो, का होणार होता तो?"

मला काही कळेना. तर मधल्या काळात तिथं म्हणे एक फलक लागला होता, की वर तारा आणि खाली रबरी चाकं अशी विजेची बस नाशकात येणार आणि तिचा डेपो इथंच होणार. पुढं तो फलकही गेला. म्हणजे एकाच भागातून दोन डेपो नाहीसे झाले होते, त्यांतला एक तर व्हायच्या आधीच. टपरीवाल्याला न झालेला डेपो जास्त चांगला आठवत होता, कारण फलकावर त्याचं रंगीत चित्र होतं, झाडं होती, हसणारी माणसं होती. खरा डेपो त्याला आठवेना. तिथं चिखल होता एवढंच त्यानं सांगितलं. त्यानं हात करून दोन्ही जागा दाखवल्या. दोन्हीकडे इमारती उभ्या होत्या आणि सगळ्या इमारती सारख्याच होत्या.

मग मी आबांनाच घेऊन जायचं ठरवलं. स्कूटीवर मागं बसवलं, तर ते म्हणाले, इथून रस्ता दिसत नाही, तुझं डोकं दिसतं. पुढं बसा म्हटलं, तर म्हणाले, माझ्या लायसनवर हे वाहन नाही. दीपकच्या गाडीत बसवलं, तर म्हणाले, हिच्यातून सगळं खालून दिसतं, मी हा रस्ता वरून बघितलेला आहे. तुम्ही नुसतं वळण सांगा म्हटलं, तर म्हणाले, वळण हाताला माहीत असतं, तोंडाला नाही. मग जेवणाच्या थांब्यावर, भाकरी मोडता मोडता त्यांनी निकाल दिला. गाडी पाहिजे, आणि गाडी काढायची तर कंडक्टर पाहिजे. भिकाला आणा.

हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गाडी लागली नाही त्या दिवसापासून भिकाचं आणि आबांचं बोलणं बंद होतं.

भिका राहतो पेठच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, स्कूटीवरून तिथं पोचायला मला अर्धा दिवस लागला. तो नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, खाचरात उभा राहून टाळ्या वाजवत पाखरं उडवत होता. गळ्यात कंडक्टरची शिट्टी होती. मी विचारलं, काका, शिट्टीनं पाखरं लवकर उडतील की. तो म्हणाला, शिट्टी सरकारी हाय, पाखरांसाठी नाय.

मग त्यानं आपली बाजू सांगितली. त्या दिवशी ते वावरापाशी आले. गाडी डेपोत उलटी घ्यावी लागायची, म्हणून नेहमीप्रमाणे भिका खाली उतरला, मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं शिट्टी फुंकायला सुरुवात केली. डेपो नाही हे त्यानं पाहिलं होतं, पण ते बघणं कंडक्टरचं काम नाही. आबांनी आरशात मागं पाहिलं, तर वावर आणि वाफे. त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी गाडी पुढं काढून तडक शहर गाठलं. डबल बेल, म्हणजे कंडक्टरची निघायची घंटी, मिळालेली नव्हती. भिका मागं वावरातच राहिला.

"चाळीस माणसं सोडून आला आसता तरी समजलं आसतं," तो म्हणाला. "पण घंटी नसताना गाडी काढली त्येनं. मी आजून तिथंच उभा हाय बाई."

मी त्याला म्हटलं, चला मग, तुम्हाला घ्यायलाच आले आहे. त्यानं एकच अट घातली, गाडी त्याच्या घंटीशिवाय हलणार नाही. मी कबूल केलं, आणि फसले. पेठपासून नाशिकपर्यंत मी जिथं जिथं थांबले तिथं तिथं मागून सीटच्या कडीवर दोनदा टकटक झाल्याशिवाय मला निघता येईना. एका सिग्नलला मी आपली निघाले, तर भिका खाली उतरून उभाच राहिला.

घरी आल्यावर दोघांनी एकमेकांना रामराम केला नाही. आबा खिडकीतून समोर बघत म्हणाले, गाडी लावायची हाय. भिका भिंतीकडे बघत म्हणाला, लावू. एवढ्यावर तडजोड झाली. मला वाटलं, आता दोघं पायी चालत जातील आणि जागा दाखवतील. पण भिकानं ते उडवून लावलं. एकटा माणूस कुठंबी वळतो, तो म्हणाला, गाडीला शेपूट आसतं.

ते बरोबर होतं, हे मला नंतर पटलं. तर शेपूट माझ्या क्लासच्या बायकांनी पुरवलं. रविवारी सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी मी सगळ्यांना बोलावलं. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी चौकोनी धरली, गाडीएवढी लांब, गाडीएवढी रुंद, आणि दोरीला आतून धरून रोशनी, तेजल, मीना आणि बाकीच्या उभ्या राहिल्या. पुढच्या उजव्या कोपऱ्यात आबा. स्टिअरिंग म्हणून सासूबाईंनी घरातली कणीक मळायची परात आणली होती. आबांनी ती उभी धरून फिरवून पाहिली आणि म्हणाले, जड चालतंय, पण चालंल. त्यांच्या मागं, नेहमीच्या जागी, सासूबाई उभ्या राहिल्या. भिका दाराशी. त्यानं दोरी दोनदा ओढली आणि आमची एसटी बोगद्यातून निघाली.

आबा अगदी धिम्या गतीनं चालत होते, पण तोंडानं गिअर बदलल्याचा आवाज काढत नव्हते, हे सांगितलं पाहिजे. तसं काही पोरकट त्यात नव्हतं. ते समोर बघत होते, आरसा जिथं असतो तिथं मधूनच नजर टाकत होते. वळणावर आधी लांब उजवीकडे जायचे, मग परात फिरवायची, म्हणजे मागच्या बायका फुटपाथला न घासता वळायच्या. पहिल्या वळणाला तेजल खांबाला घासली. भिकानं गाडी थांबवून खांब तपासला, मग तेजलला तपासलं.

मागं रिक्षा साचल्या आणि हॉर्न वाजू लागले. सिग्नलला आम्ही थांबलो, तर ट्रॅफिकच्या पोलिसानं आमच्याकडे बघितलं, शिट्टी तोंडात धरली आणि विचार करून पुन्हा खिशात ठेवली. हिरवा झाला तेव्हा त्यानं आम्हालाच आधी सोडलं. पुढच्या थांब्यावर एक पिशवीवाला माणूस उभा होता. त्यानं पाथर्डी फाटा का म्हणून विचारलं, भिका म्हणाला जाईल, आणि तो दोरी उचलून आत आला. मग आणखी दोघे आले. भिका त्यांना पुढं सरकायला सांगत होता, मागं लय जागा हाय म्हणत होता. एका आजोबांना रोशनीनं आपली जागा दिली, म्हणजे ती थोडी बाजूला सरकली. सगळे चालतच होते, तरी जागा मिळाल्याचं समाधान आजोबांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं.

टपरीवाल्यानं दाखवलेल्या दोन्ही जागा आम्ही मागं टाकल्या. आबांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग एका मेडिकलच्या दुकानापाशी त्यांचे हात आपोआप वळले. एक वळण, थोडं सरळ, पुन्हा एक वळण. भिका दारातून बाहेर वाकून बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याचे डोळे भरले होते.

"इथं बैल बांधला व्हता," तो म्हणाला. बैलाच्या जागी एटीएम होतं.

आणि गाडी एका इमारतीच्या फाटकासमोर थांबली. पर्वणी रेसिडेन्सी, असं वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. आबा म्हणाले, हेच. भिका म्हणाला, हेच. दहा-अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. पिशवीवाल्यानं विचारलं, फाटा कधी यायचा.

वॉचमन समोर आला आणि त्यानं फाटकावरच्या पाटीवर काठी आपटली. बाहेरची वाहने आत लावू नयेत. मला वाटलं, ही काय अडचण आहे, माणसंच तर आहोत आम्ही, दोरी गुंडाळू आणि आत जाऊ. पण आबांनी पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. आणि परात खाली घेऊन म्हणाले, नियम आहे. वाहन आत नेता येणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसानं एका नियमासाठी घर डेपोबाहेर ताटकळत ठेवलं, आणि आता डेपो सापडला तर दुसरा नियम. मी वॉचमनशी भांडले, त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. हर्षल नावाचे ते गृहस्थ तळमजल्यावरच राहत होते, ते बनियनवर बाहेर आले. त्यांनी विचारलं, कसलं वाहन? मी म्हटलं, एसटी. त्यांनी दोरी बघितली, बायका बघितल्या आणि म्हणाले, एवढी मोठी गाडी तर मुळीच नाही, कालच एका टेम्पोला परत पाठवलंय.

आबा परात पुन्हा उचलायला लागले. गाडी माघारी न्यायचं त्यांच्या मनात आलं होतं, ते त्यांच्या खांद्यावरून कळत होतं, आणि ते खांदे माझ्यापेक्षा एका बाईनं जास्त बघितले होते. सासूबाई दोरीखालून वाकून बाहेर आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. त्या चालत हर्षलरावांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "ही गाडी बाहेरची नाय. ही इथनंच सुटली व्हती. माझा नवरा तिच्यात बसलाय, तो घरी आला नाय आजून. मी चहा देते, जेवाया देते, कापडं धुते, पण तो घरी आलेला नाय. तुम्ही त्याला आत घ्या म्हंजे तो बाहेर येईल."

हर्षलराव गोंधळले. त्यांच्या मागं दारात त्यांची बायको साक्षी उभी होती, हातात डाव घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, अहो, आपण नंतर आलो ना इथं. मग बाहेरचे आपण झालो. मग वॉचमनला म्हणाली, फाटक पूर्ण उघड, अर्ध्यात नाही बसणार.

आता गाडी उलटी घ्यायची होती. भिका उतरला. तो मागं गेला, पार्किंग ओलांडून, दोन पायऱ्या चढून साक्षीच्या हॉलमध्ये, सोफ्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि त्यानं आत ओट्याच्या दिशेनं बघून सांगितलं, मी इथंच उभा व्हतो. मग शिट्टी तोंडात धरली. तुटक तुटक शिट्ट्या येऊ लागल्या आणि आमची एसटी मागं मागं सरकू लागली. बायका पायऱ्या उलट्या चढल्या. पिशवीवाला चढला. आजोबांना रोशनीनं धरलं. हॉल भरला, सोफ्यावर पाय पडले, हर्षलराव टीव्हीला पाठीशी घालून उभे राहिले.

तेवढ्यात एक लांब शिट्टी झाली आणि आबांनी पाय रोवले. लांब शिट्टी म्हणजे थांबा. पण भिका आतून ओरडला, ती माझी नव्हं, कुकरची. अजून हातभर घ्या. साक्षीनं गॅस बंद केला. आबांनी हातभर मागं घेतलं. आता ते नेमके उंबऱ्यावर होते, शेपूट स्वयंपाकघरात, तोंड दाराशी. मग भिकानं शिट्टी फुंकली, ती लांब, खूप लांब. श्वास संपला तरी तो फुंकत होता. इतकी वर्षं अर्धी राहिलेली शिट्टी होती ती.

आबांनी परात सरळ केली. हात पुढं करून इंजिन बंद केलं. मला आधीही काही ऐकू येत नव्हतं, तरी शांत झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण ते जागचे हलेनात. मला आधी कळेना काय राहिलं. भिकाला कळलं. त्यानं साक्षीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती पदराला हात पुसत पुढं आली आणि आबांसमोर उभी राहून, शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाली, गाडी ताब्यात घेतली. आबांनी परात तिच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली.

आबा वळले. भिका समोर होता. आबा म्हणाले, घंटी नव्हती, माझं चुकलं. भिका म्हणाला, आता उतरा खाली. मग आबांनी टोपी काढली, सोफ्याच्या कडेवर बसले आणि मान वर करून बायकोकडे बघितलं.

"साळू," ते म्हणाले, "माझे पाय लय दुखतात गं."

सासूबाई तिथंच त्यांच्याजवळ बसल्या. दहा मिनिटांचा थांबा नव्हता, घाई नव्हती. साक्षीनं सगळ्यांना चहा केला. तिच्या घरी पाहुणे आले की उठायचं नावच घेत नाहीत, आले की गाडीसारखे लागतात, ते का, हे तिला आज कळलं, असं ती म्हणाली. परात राहू दे म्हणाली, नंतर घेऊन जा. ती अजून तिच्याकडेच आहे. पिशवीवाल्याला मी स्कूटीवरून पाथर्डी फाट्याला सोडलं, आणि भिकाला संध्याकाळच्या पेठच्या गाडीत बसवलं. तो प्रवाशांत बसला, खिडकीशी, शिट्टी खिशात घालून.

पुढच्या मंगळवारी आबा आणि आई वणीला गेले. मी त्यांना सीबीएसच्या बसस्टँडवर सोडायला गेले होते. आबांनी साधा पांढरा सदरा घातला होता आणि त्यात ते अर्धे झाल्यासारखे दिसत होते. दोघांच्या बाकावर आईंना खिडकी दिली आणि स्वतः शेजारी बसले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तेव्हा आबांचा उजवा पाय हलला. आईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडी सुटली.

संध्याकाळी घ्यायला गेले तर आईंच्या हातात पेढे नव्हते, प्रसाद नव्हता, कपाळाला देवीचं कुंकू नव्हतं. मी विचारलं, गर्दी होती का? आबा खाली बघून लाजले आणि चपला शोधण्याचं निमित्त करून पुढं गेले.

मग आईंनी सांगितलं. गाडी दिंडोरीला पोचायच्या आतच आबांचा डोळा लागला. डोकं आधी पुढं पडलं, मग हळूहळू आईंच्या खांद्यावर आलं. वणी आली. लोक उतरले, देवीच्या गडावर जाणाऱ्या गाडीकडे पळाले. कंडक्टर उठवायला आला, तर आईंनी त्याला बोटानं गप्प केलं आणि त्याच जागेवर बसून परतीची तिकिटं काढली.

मी म्हटलं, अहो आई, एवढं सगळं केलं ते देवीसाठी ना. दाराशी जाऊन दर्शन न घेता परत आलात.

"देवी काय डेपो हाय का गं, उठून जायला," आई म्हणाल्या. "ती जागेवरच हाय. हे आज आले."

डावा खांदा त्यांना उचलता येत नव्हता, तो पार आखडला होता. घरी आल्यावर मी बामची बाटली घेऊन बसले, पण खांद्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही.